डब केलेल्या जुन्या टीव्ही प्रक्षेपणाची व्हीएचएस कॅसेट : आवाज वाचवून ब्लू-रेच्या चित्रावर कसा बसवायचा?

कॅसेटकोपरा

साठच्या दशकाच्या अखेरीच्या एका सायकेडेलिक विनोदी चित्रपटाचं डब केलेलं टीव्ही प्रक्षेपण व्हीएचएसवर आहे. पाल पद्धत (सेकंदाला २५ फ्रेमची टीव्ही पद्धत), घरगुती रेकॉर्डिंग, ई-१८० कॅसेट (तीन तासांची), बहुधा एसपी, म्हणजे नेहमीचा वेग. हे डबिंग पुढे कुठल्याही डिस्कवर आलेलं नाही. मूळ इंग्रजी आवाजाची ब्लू-रे मात्र आहे, ९७ मिनिटांची, सेकंदाला २३.९७६ फ्रेमची.

अडचणी अशा. कॅसेटच्या खिडकीतून पाहिलं तर गुंडाळीच्या कडेवर पांढरट ठिपके दिसतात, म्हणून ती आता कुठल्याही डेकमध्ये (व्हीसीआरमध्ये) घातलेली नाही. याच कॅसेटवरून पूर्वी केलेली एक डीव्हीडी प्रत आहे. जाहिराती काढून ती ९१ मिनिटं १० सेकंद भरते. तिचा आवाज ब्लू-रेवर तसाच टाकला तर जवळजवळ सहा मिनिटं आधी संपतो. ०.९६ने ताणला की पहिली काही मिनिटं ठीक वाटतात, मग पुन्हा घसरतं. शिवाय ज्या प्रसंगांत रंग उलटसुलट होतात आणि दिवे लुकलुकतात तिथे त्या प्रतीत नुसता चिखल आहे.

कॅसेट नव्याने उतरवायची असेल तर कुठून सुरुवात करावी? आणि सिंकचं (आवाज-चित्र जुळवण्याचं) गणित नक्की काय आहे? कॅसेटवर वाहिनीचं नाव लिहिलंय, तारीख नाही. ती शोधता येते का?

चुंबकपट्टी

पांढरे ठिपके म्हणजे बुरशी धरून चाला. अशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये एकदा जरी फिरवली तरी बीजाणू ड्रमवर (टेप वाचणारे हेड असलेल्या फिरत्या दंडगोलावर), गाइडवर आणि टेप ओढणाऱ्या पिंच रोलरवर बसतात आणि त्यानंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला लागतात. तोवर ही कॅसेट बाकीच्यांपासून वेगळी, झिपच्या पिशवीत ठेवा.

आधी बुरशी कोरडी आहे की ओली ते बघा. बोट किंवा कापड लावल्यावर ती पुसटून फासली जात असेल तर ओली. अशी टेप लगेच साफ करायला जाऊ नका, बुरशी आणखी आत ढकलली जाते. हवेतली आर्द्रता ३५ ते ४० टक्क्यांवर आणून कॅसेट काही दिवस तशीच ठेवा, बुरशी वाळून भुकटी होते. टेप भट्टीत भाजण्याचा सल्ला वाचनात येईल. तो चिकट झालेल्या टेपसाठी आहे, बुरशीसाठी नाही.

कोरडी झाली की एन-९५ मास्क लावून, राहत्या खोलीबाहेर कॅसेट उघडा. खालच्या बाजूला पाच स्क्रू असतात. झाकण वर येईल अशी सरळ ठेवूनच उघडा, नाहीतर स्प्रिंग आणि गाइड उडतात. टेप कुठून कशी गेली आहे त्याचा फोटो आधी काढा. दोन्ही रिळांच्या बाहेरच्या कडा हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने, मऊ ब्रश लावून साफ करा. मग फक्त टेप गुंडाळणारं साधं रिवाइंडर घ्या (ज्यात हेड नसतात असं) आणि टेप दोन्ही बाजूंनी तंतू न सुटणाऱ्या कापडाच्या घडीतून हळू ओढू द्या. कापडाची जागा सतत बदलत राहा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल कापड जेमतेम दमट होईल इतकंच. ७० टक्केवालं वापरू नका, त्यात पाणी असतं.

साफ झालेली रिळं दुसऱ्या स्वच्छ कवचात घाला. जुन्या कवचाच्या कोपऱ्यांत भुकटी राहतेच. मागचा प्लास्टिकचा तुकडा तोडलेला आहे ना ते बघा, म्हणजे चुकून वर रेकॉर्ड होणार नाही. मग एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळा. वर्षानुवर्षं एकाच ताणात बसलेली टेप त्याने सैलावते आणि चित्राचा वरचा भाग वाकणं कमी होतं.

डेकचे हेड पुसताना कानात घालायची कापसाची काडी वापरू नका. शॅमॉय किंवा तंतू न सुटणारा कागद अल्कोहोलने भिजवून ड्रमला स्थिर धरायचा आणि ड्रम हाताने फिरवायचा. वर-खाली घासलं की हेडचं फेराइट तुटतं आणि डेक कामातून जातो.

क्षेत्रक्रम

पुढचा टप्पा कॅप्चरचा. डीव्हीडी प्रतीत चिखल का झाला ते आधी सांगतो, कारण पुन्हा उतरवताना तेच टाळायचं आहे.

व्हीएचएसवर काळ्या-पांढऱ्या तपशिलाच्या साधारण २४० रेषा टिकतात, रंगाच्या जेमतेम ४०. पालमध्ये रंग ६२७ किलोहर्ट्झच्या आसपास खाली उतरवून रेकॉर्ड होतो, त्यामुळे गडद लाल किंवा जांभळा आडवा पसरतो. साध्या चित्रपटात हे खपून जातं. सायकेडेलिक प्रसंगात सगळी मजा रंगाच्या कडांत असते, त्यामुळे फटका तिथेच बसतो. त्यात डेकचं किंवा रेकॉर्डरचं डीएनआर (खरखर कमी करणारं डिजिटल फिल्टर) चालू असेल तर ते शेजारशेजारच्या फ्रेमची सरासरी काढतं. लुकलुकत्या प्रसंगात शेजारच्या दोन फ्रेममध्ये काहीच सारखं नसतं, मग सरासरीचं भूत तयार होतं. वर डीव्हीडीच्या एमपीईजी-२ कॉम्प्रेशनला इतक्या बदलत्या चित्रासाठी बिटरेट पुरत नाही, म्हणून चौकोन. टेपवर चित्र याहून बरंच चांगलं असणार.

म्हणून टेप टीबीसी (डळमळणाऱ्या ओळी वेळेत बसवणारं सर्किट) असलेल्या एस-व्हीएचएस डेकवर चालवा आणि एस-व्हिडिओनेच (उजेड आणि रंग वेगवेगळे नेणाऱ्या जोडणीने) बाहेर काढा. टेपवर उजेड आणि रंग मुळातच वेगळे असतात. कंपोझिटमध्ये (एकाच पिवळ्या वायरीत) ते एकत्र करून पुन्हा वेगळे करण्यात ठिपक्यांची रांग उगाच ओढवून घेतली जाते. डीएनआर, 'पिक्चर शार्पनेस' वगैरे सगळं बंद, डेकमध्ये 'एडिट' मोड असेल तर तो चालू. टेपचा वरचा भाग झेंड्यासारखा वाकत असेल तर पॅनासॉनिकचा डीएमआर-ईएस१० हा डीव्हीडी रेकॉर्डर मध्ये जोडून त्यातून सिग्नल नुसता पार करतात. वाकणं सरळ होतं, पण गडद भागात रंगांच्या पायऱ्या दिसायला लागतात. गरज नसेल तर जोडू नका.

स्वस्त यूएसबी कॅप्चर स्टिकची खोड म्हणजे आपोआप बदलणारी उजेडाची पातळी. झगमगत्या दृश्यात पडदा क्षणात पांढरा, क्षणात काळा होतो, स्टिक दर वेळी पातळी हलवते आणि पुढची दोन-तीन सेकंदं सगळं राखाडी दिसतं. असं होत असेल तर कुठलीही सेटिंग फिरवून उपयोग होत नाही, कार्डच बदलावं लागतं.

फॉरमॅट : ७२० बाय ५७६, ४:२:२ (रंगाचा आडवा तपशील निम्मा), इंटरलेस्ड (प्रत्येक फ्रेम दोन फील्डांत, म्हणजे एकाआड एक ओळींच्या दोन अर्ध्या चित्रांत), वरचं फील्ड आधी. कोडेक हफयूव्ह किंवा एफएफव्ही१, दोन्ही दर्जा न घटवणारे. कॉम्प्रेशनशिवाय तासाला ७५ जीबी लागतात, या कोडेकनी ते साधारण निम्म्यावर येतं. आवाज ४८ किलोहर्ट्झ पीसीएम (कॉम्प्रेशनशिवाय) आणि तो *त्याच* कार्डातून घ्या. चित्र एका यंत्रातून आणि आवाज कॉम्प्युटरच्या साउंड कार्डातून घेतला तर दोघांची घड्याळं वेगळी असतात आणि दीड तासात फरक ऐकू येण्याइतका वाढतो. कॅप्चर संपल्यावर गळालेल्या आणि घुसवलेल्या फ्रेमचा आकडा बघा. दोन्ही शून्य नसतील तर पुन्हा करा. पुढचं सगळं गणित फ्रेम मोजण्यावर आहे.

टेपवर आवाज दोन ठिकाणी असू शकतो. कडेचा लिनिअर ट्रॅक, जो एसपीमध्ये साधारण १० किलोहर्ट्झपर्यंत जातो, आणि रेकॉर्ड करणारा डेक हाय-फाय असेल तर चित्राखाली दडलेला हाय-फाय ट्रॅक, जो जवळजवळ सीडीसारखा. डेकवर 'हाय-फाय' आणि 'नॉर्मल' असे दोन्ही वेगवेगळे उतरवा. 'मिक्स'वर ठेवू नका, दोन्हीतल्या किंचित विलंबामुळे आवाज पोकळ होतो. हाय-फायमध्ये ५० हर्ट्झची घरघर येत असेल तर ती हेड बदलतानाची आहे, वीजपुरवठ्याची नाही. फिल्टर लावण्याआधी ट्रॅकिंग हाताने फिरवून बघा, बहुतेकदा तिथेच जाते. लिनिअर ट्रॅक कोंदट वाटला तर ऑडिओ हेडचा ॲझिमथ (तिरकेपणा) ठरवणारा स्क्रू किंचित फिरवून 'स' आणि 'श' सर्वांत स्पष्ट ऐकू येईल तिथे आणा. फिरवण्याआधी मार्करने मूळ जागा खुणेने धरून ठेवा.

२५बाय२४

सिंकचं बघू. ०.९६ हा आकडाच थोडा चुकीचा आहे. तो २४ भागिले २५. तुमची ब्लू-रे २३.९७६ची आहे, म्हणून गुणक २३.९७६ भागिले २५, म्हणजे ०.९५९०४१. फरक एक दशसहस्रांश नव्हे, एक सहस्रांश आहे. ९७ मिनिटांत तो जवळजवळ सहा सेकंद होतो.

पण तुमच्या केसमध्ये तेवढ्याने भागणार नाही. पालवर चित्रपट दाखवताना चोवीसची प्रत्येक फ्रेम पंचविसाची एक फ्रेम म्हणून जाते, चित्रपट नुसता जलद पळतो. म्हणजे टेपची एक फ्रेम ही ब्लू-रेची एक फ्रेम. मग सेकंद मोजायचेच कशाला, फ्रेम मोजा. ब्लू-रेच्या ९७ मिनिटांत सुमारे १,३९,५४० फ्रेम आहेत. तुमच्या ९१ मिनिटं १० सेकंदांत १,३६,७५०. साधारण २,७९० फ्रेम कमी पडतायत, म्हणजे चित्रपटाच्या वेगाने ११६ सेकंद. तेवढा चित्रपट प्रक्षेपणात नाहीच. कितीही अचूक ताणलं तरी ती भोकं भरणार नाहीत.

करायचं असं. टेपचं चित्र आधी प्रोग्रेसिव्ह (अख्ख्या फ्रेमचं) करा. यासाठी ओळी अंदाजाने भरणारा डीइंटरलेसर नको. दोन्ही फील्ड एकाच फिल्म-फ्रेमची असतात, कधी कधी फक्त एका फील्डने सरकलेली असतात. एव्हीसिंथ या मुक्त व्हिडिओ प्रोग्रॅममधलं टीएफएम हे फिल्टर ती जुळवून अख्खी फ्रेम परत देतं. मग तक्ता करा : टेपचा फ्रेम क्रमांक, त्याच चित्राचा ब्लू-रेवरचा क्रमांक आणि दोघांतला फरक. खुणेसाठी दृश्यबदलाची पहिली फ्रेम घ्या. लुकलुकते प्रसंग इथे फार कामाचे, तिथली प्रत्येक फ्रेम वेगळी असल्याने एका फ्रेमचीही चूक लगेच दिसते. ओठ बघून जुळवू नका, हे डबिंग आहे, ओठ मुळातच सैल बसवलेले असतात.

फरकाचा आलेख जिन्यासारखा आला पाहिजे : बराच वेळ सपाट, मग एकदम पायरी. प्रत्येक पायरी म्हणजे एक कापलेला तुकडा. आलेख उतारासारखा हळूहळू घसरत असेल तर कॅप्चरमध्ये फ्रेम गळल्या आहेत. आणि एकेका फ्रेममध्ये दोन चित्रं मिसळलेली दिसत असतील तर वाहिनीने अमेरिकी एनटीएससी पद्धतीची (सेकंदाला सुमारे ३० फ्रेमची) टेप पालमध्ये रूपांतरित करून दाखवली आहे. मग चित्रपट जलद पळतच नाही, गुणक १ आणि फ्रेमगणित विसरायचं. तुमची लांबी बघता तसं वाटत नाही.

पायऱ्या सापडतील अशा दोन जागा आधी बघा. एक, रिळांचे सांधे. ३५ मिमीचं २,००० फुटांचं रीळ जास्तीत जास्त २२ मिनिटं चालतं, आणि वापरून वापरून टोकांच्या फ्रेम तुटतात. उजव्या वरच्या कोपऱ्यात गोल खूण दोनदा चमकते, दुसऱ्या खुणेनंतर साधारण सेकंदाने रीळ बदलतं. दोन, जाहिरातींच्या जागा.

कॅसेटकोपरा

सविस्तर उत्तरांसाठी आभार. कॅसेट वाळत ठेवली आहे. तोवर डीव्हीडी प्रतीवर तक्ता करून पाहिला. फरक सुरुवातीला ३६८, पहिल्या रिळाच्या सांध्यानंतर ४१२, चाळिसाव्या मिनिटाच्या पुढे एकदम १,५१२, नंतर एका जाहिरातीपाशी १,५६०, आणि तिथून शेवटपर्यंत १,५६०. उतार कुठेच नाही.

आता आवाज गुणकाने ताणल्यावर गाणी ब्लू-रेच्या सुरात तंतोतंत बसतात, पण संवाद बोलणाऱ्या कलाकारांचे आवाज जड, सुस्त वाटतात. गाणी बरोबर आणि बोलणं चूक, असं कसं? आणि भोकांचं काय करायचं?

२५बाय२४

तक्ता उत्तम आहे. सुरुवातीच्या ३६८ म्हणजे बहुधा स्टुडिओचं बोधचिन्ह कापलंय. सांध्यावर ४४ फ्रेम, पावणेदोन सेकंदांच्या वर. मधली १,१०० फ्रेमची उडी ४६ सेकंदांची आहे, तो मुद्दाम कापलेला प्रसंग. आणि २,७९०मधून १,५६० गेले की उरतात १,२३०, म्हणजे शेवटची ५१ सेकंदं. श्रेयनामावली संपण्याआधीच वाहिनीने चित्रपट बंद केला.

जड आवाजाचं कारण डबिंग कुठल्या वेगावर झालं यात आहे. सिनेमागृहासाठीचं डबिंग २४ फ्रेमच्या फिल्मवर होतं आणि टीव्हीवर सगळंच मिळून पळतं. संगीत आणि बोलणं दोन्ही सुमारे पाऊण सेमीटोन वर चढतं, आणि गुणक लावला की दोन्ही जागेवर येतं. टीव्हीसाठीचं डबिंग मात्र बऱ्याचदा आधीच पंचविसावर चढवलेल्या व्हिडिओसमोर बसून केलेलं असतं. मागचं संगीत जलद झालेलं, पण बोलणारा माणूस आपल्या नैसर्गिक सुरात बोलतो. ते मिश्रण हळू केलं की गाणी बरोबर होतात आणि माणसं खाली जातात. तुमच्या निरीक्षणावरून हे डबिंग टीव्हीसाठीच झालं होतं असं दिसतं. हे नोंदवून ठेवा, या चित्रपटाचं दुसरं डबिंग कधी समोर आलं तर ओळखायला उपयोगी पडेल.

उपाय दोन. सोपा आणि माझ्या मते चांगला : आवाजाला हातच लावू नका, चित्र पळवा. ब्लू-रेची फ्रेम-गती नुसती २५ जाहीर करा, एकही फ्रेम बदलत नाही. डबिंग जसं प्रक्षेपित झालं तसंच्या तसं राहतं. मूळ इंग्रजी ट्रॅक मात्र सोबत ठेवायचा असेल तर तो जलद करावा लागेल.

दुसरा : चित्र २३.९७६वरच हवं असेल तर आवाज दोन प्रकारे ताणून दोन फाइली करा. एक साध्या रिसॅम्पलने, सूर खाली येतो : एफएफएमपेग या मुक्त प्रोग्रॅममध्ये सेकंदाला ४८,००० सॅम्पलची फाइल ४६,०३४ची आहे असं सांगायचं आणि मग परत ४८,०००वर आणायची. दुसरी रबरबँड या प्रोग्रॅमने, सूर तोच ठेवून. गाणी आणि संगीताचे प्रसंग पहिल्या फाइलमधून, निव्वळ बोलण्याचे दुसऱ्यामधून, आणि अदलाबदल दृश्यबदलावरच. एआयने संगीत आणि बोलणं वेगळं करून पुन्हा मिसळायचा मोह टाळा. जुन्या मोनो मिश्रणात संवादाच्या शेपट्या संगीतात राहतात आणि मग त्याच सुराबाहेर ऐकू येतात.

दोन्ही वाटांत क्रम तोच : ताणायचं असेल तर आधी अख्खा ट्रॅक एकदाच ताणा, मग पायऱ्यांवर कापा. तुकडे आधी करून वेगवेगळे ताणले की प्रत्येक सांध्यावर थोडी चूक साठते. सांधा संवादात न घेता शांत जागी घ्या, ३० मिलिसेकंदांचा क्रॉसफेड (एक आवाज मावळताना दुसरा चढवणं) पुरतो. शेवटी दार आपटणं, टाळी, ग्लास फुटणं अशा आवाजांवर तपासा. युरोपीय प्रसारण संघाची मर्यादा आवाज ४० मिलिसेकंद पुढे किंवा ६० मागे एवढी आहे. फ्रेमवरून बसवलेलं काम या आत सहज राहतं. मात्र काही डबिंगमध्ये असे आवाज नव्याने तयार केलेले असतात, तेव्हा एखादं दार जुळलं नाही म्हणून सगळा ट्रॅक हलवू नका.

भोकांत शांतता ठेवू नका आणि दुसऱ्या कलाकारांकडून नवं डबिंगही करून घेऊ नका. तिथे मूळ इंग्रजी ट्रॅक आणि सबटायटल. इंग्रजी ट्रॅक मोनो करून, डबिंगच्या पातळीला आणून, वरचे सूर १० किलोहर्ट्झपाशी थोडे उतरवले की सांधा कानाला खटकत नाही.

शेवटची ५१ सेकंदं तर मूळच ठेवा. या प्रकारच्या चित्रपटांत श्रेयनामावलीसुद्धा खेळाचा भाग असते. ऑटो प्रेमिंजरच्या १९६८च्या 'स्किडू'त हॅरी निल्सनने अख्खी श्रेयनामावली गाऊन म्हटली आहे. असं काही डब करण्याच्या भानगडीत सहसा कुणी पडत नाही.

क्षेत्रक्रम

आवाज साफ करण्याबद्दल एक भर. प्रक्षेपण मोनो असेल आणि हाय-फायच्या दोन्ही बाजूंना तेच असेल तर दोन्हींची सरासरी घ्या, खरखर ३ डेसिबलनी उतरते. नॉइज रिडक्शन ६ ते ८ डेसिबलच्या पुढे नेऊ नका. त्यापलीकडे संवादांच्या मधल्या जागा पाण्याखालून आल्यासारख्या ऐकू येतात. १५.६२५ किलोहर्ट्झची बारीक शिटी दिसली तर ती पालच्या ओळींची आहे, तेवढी अरुंद नॉचने (एकच सूर कापणाऱ्या फिल्टरने) काढा.

ओळ_सोळा

तारखेबद्दल. पाल वाहिन्यांवर टेलिटेक्स्ट (प्रक्षेपणासोबत येणारी मजकुराची पानं) चित्राच्या वरच्या, न दिसणाऱ्या ओळींत यायचं आणि व्हीएचएसवर ते अर्धवट का होईना रेकॉर्ड होतं. एका वेळचं वाचता येत नाही, पण तीच पानं पुन्हा पुन्हा येतात, म्हणून शेकडो प्रतींची सरासरी काढून मजकूर परत मिळवता येतो. त्यासाठी 'व्हीएचएस-टेलिटेक्स्ट' नावाचा मुक्त प्रोग्रॅम आहे. प्रत्येक पानाच्या डोक्यावरच्या ओळीत सहसा तारीख आणि चालतं घड्याळ असतं. त्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका सापडली तर चित्रपट कुठल्या नावाने दाखवला तेही कळतं. एसपी टेपवर हे चांगलं जमतं, एलपीवर (अर्ध्या वेगाच्या रेकॉर्डिंगवर) क्वचित.

अडचण एवढीच की ७२० बाय ५७६च्या कॅप्चरमध्ये या ओळी येतच नाहीत, आणि बहुतेक टीबीसी त्या पुसून टाकतात. म्हणून टीबीसी बंद करून, बीटी८७८ चिपच्या जुन्या पीसीआय कार्डाने व्हीबीआय (म्हणजे याच न दिसणाऱ्या ओळी) वेगळं उतरवावं लागतं. म्हणजे टेप आणखी एकदा चालवायची.

साफ केलेली टेप फार वेळा चालवायची नसेल तर एक वाट आहे : व्हीएचएस-डिकोड हा प्रोग्रॅम. डेकमध्ये हेडच्या ॲम्प्लिफायरनंतर जिथे तपासणी-बिंदू असतो तिथून सरळ आरएफ (हेडवरचा कच्चा) सिग्नल घेऊन डोम्सडे डुप्लिकेटर या यंत्राने किंवा सीएक्स२३८८ मालिकेतल्या चिपच्या कार्डाने उतरवायचा. चित्र, टीबीसी, टेलिटेक्स्टच्या ओळी हे सगळं नंतर सॉफ्टवेअरमध्ये निघतं. हाय-फायसाठी तसाच वेगळा बिंदू असतो, तोही त्याच वेळी दुसऱ्या कार्डावर घ्या. ८ बिट, ४० दशलक्ष सॅम्पलला तासाला १४४ जीबी लागतात, फ्लॅक कॉम्प्रेशनने बरेच कमी होतात. लिनिअर ट्रॅक मात्र नेहमीसारखा ऑडिओ जॅकमधून घ्यावा लागतो आणि नंतर चित्राशी हाताने जुळवावा लागतो.

कुठल्याही वाटेने उतरवा, टेप पहिल्या सेकंदापासून शेवटच्या सेकंदापर्यंत घ्या. चित्रपटाआधीची निवेदिका, मधल्या जाहिराती, नंतर सुरू झालेल्या कार्यक्रमाचा तुकडा, यातलं काहीही मूळ फाइलमधून कापू नका. टेलिटेक्स्ट निघालं नाही तर तारीख याच तुकड्यांवरून ठरते. त्या वाहिनीच्या त्या वर्षांच्या छापील कार्यक्रमपत्रिका ग्रंथालयांत असतात, आणि निवेदिकेने 'यानंतर' म्हणून सांगितलेला कार्यक्रम आणि चित्रपट एकाच रात्री, एकामागोमाग जिथे सापडतील ती तारीख.